एनएच ४, ४८ की एएच ४७? महामार्गांचे आकडे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून कोल्हापूरला जाताना वडील रस्त्याला 'एनएच ४' म्हणत होते, मोबाईलवरचा नकाशा ४८ दाखवत होता आणि साताऱ्याच्या अलीकडे एका फलकावर एएच ४७ लिहिलेलं दिसलं. यातलं खरं कोणतं? हे आकडे देण्याची काही पद्धत आहे का? पालखी मार्गावरचा '९६५जी' कुठून आला? आणि शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: उंब्रजच्या पुढे रात्री गाडी बंद पडली, मदतीसाठी फोन लावला, पलीकडून 'किती किलोमीटरला आहात' असं विचारलं आणि तुम्हाला ते सांगता आलं नाही.

मी ३१ वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात होतो. त्यातली बरीचशी राष्ट्रीय महामार्गाच्या उपविभागांत गेली, आधी कोकणात, मग सोलापूरकडे, शेवटची नागपुरात. फलक आणि दगड हे आमच्या कामात कायम शेवटी येणारं प्रकरण. डांबर झालं, मोऱ्या झाल्या, बिल निघालं, की मग फलकांची आठवण व्हायची. पण प्रवाशाच्या दृष्टीने रस्ता बोलतो तो फलकांतूनच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिढा सोडवू. तिन्ही आकडे खरे आहेत. ठाण्याहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत चेन्नईला जाणारा रस्ता २०१० पर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४ होता. त्या वर्षी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. दिल्ली–मुंबई हा जुना ८ आणि ठाणे–चेन्नई हा जुना ४ एकाला एक जोडून दिल्ली ते चेन्नई असा सलग ४८ झाला. एएच ४७ ही वेगळीच गोष्ट आहे. आशियातल्या देशांना जोडणारं 'एशियन हायवे' नावाचं जाळं संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ठरलं, त्याचा करार २००३ साली झाला. त्यातला ४७ हा मार्ग ग्वाल्हेरहून इंदूर, धुळे, नाशिक, पुणे, बेळगाव करत बंगळूरला जातो. त्यासाठी नवा रस्ता बांधलेला नाही, आहे त्याच रस्त्याला हा आणखी एक क्रमांक लागला. तेव्हा वडिलांचा आकडा जुना, मोबाईलचा चालू, आणि फलकावरचा आंतरराष्ट्रीय.

आता पद्धत. नियम दोनच आहेत.

उत्तर–दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. म्हणून २ क्रमांकाचा महामार्ग आसामातल्या दिब्रुगडहून नागालँड, मणिपूर करत मिझोरममध्ये उतरतो आणि ७० क्रमांकाचा राजस्थानात पाकिस्तानच्या सरहद्दीलगत सापडतो. १ उरी–श्रीनगर–लेह असा वर काश्मीर-लडाखात आहे, तर ८७ खाली रामेश्वरम-धनुष्कोडीला.

हे पाठ करण्यापेक्षा महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून पाहा. पूर्वेकडून सुरुवात करा. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असा तेलंगणात उतरणारा ४४. त्याच्या पश्चिमेला धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सोलापूर हा ५२. त्याच्या पश्चिमेला धुळे–नाशिक–पुणे हा ६०. आणि अगदी समुद्राकडे पनवेलहून कोकणात उतरणारा ६६. चव्वेचाळीस, बावन्न, साठ, सहासष्ट: ओळीने चढत गेले. आता बोट वरून खाली आणा. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, सुरत हा ५३. त्याच्या खाली कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगर, परभणी, नांदेडकडे जाणारा ६१. त्याच्या खाली पुणे–सोलापूर–हैदराबाद करत मछलीपट्टणमला समुद्र गाठणारा ६५. हेही ओळीने. धुळ्याला ५२ आणि ५३ एकमेकांना छेदतात. सलग दोन आकडे, एक खाली-वर जाणारा, एक आडवा. कुणाला पद्धत समजावायची तर मी धुळ्याचंच उदाहरण देतो, लगेच डोक्यात बसतं.

तुम्ही लगेच विचाराल, मग ४८ कुठे बसला? तो तर ५२ च्या पश्चिमेला आहे. बरोबर आहे, महाराष्ट्रात तो ओळ मोडतो. रस्ते काही पट्टीने आखलेले नसतात. ४८ दिल्लीहून निघतो, राजस्थान आणि गुजरातेतून पार अरबी समुद्राजवळ येतो, आणि मग पुन्हा पूर्वेला वळून चेन्नईला बंगालच्या उपसागरापाशी संपतो. एवढ्या लांब तिरक्या रस्त्याचा आकडा कुठे ना कुठे शेजाऱ्यांशी जुळणार नाहीच. आकड्यावरून दिशेचा अंदाज येतो, नेमकी जागा कळायला नकाशा लागतोच.

जुनी पद्धत काय होती, ती का बदलली? इथे थोडं मागे जावं लागतं, आणि त्यात आपल्या एका माणसाचा आणि एका शहराचा मोठा वाटा आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. त्यांच्या समितीच्या शिफारशीतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. रस्त्याची रुंदी, वळणाची त्रिज्या, फलकाचा रंग, किलोमीटरच्या दगडाचं माप, हे सगळं आजही तिच्या संहितांवरून ठरतं. माझ्या टेबलावर फलकांची संहिता, क्रमांक ६७, कायम उघडी असायची. दुसरं नागपूर. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते तिथे जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे ठरली. 'नागपूर योजना' म्हणून ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात शिकवतात. तुम्ही गावाकडे 'प्रजिमा ४२' किंवा 'ग्रामा १७' असा बोर्ड वाचला असेल, ती प्रमुख जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची आमच्या खात्यातली छोटी नावं.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर झिरो माईलबद्दल सांगून टाकतो, कारण हा गैरसमज माझ्या हाताखाली आलेल्या तरुण अभियंत्यांतही होता. नागपूरचा तो खांब १९०७ सालच्या सर्वेक्षणाच्या वेळचा आहे, चार घोडे नंतर जोडलेले. देशातल्या सगळ्या रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. प्रत्येक रस्त्याचा शून्य किलोमीटर त्याचा त्याचा असतो, तो रस्ता जिथे सुरू होतो तिथे. मुंबईत ब्रिटिशांच्या काळात अंतरं फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजत, आणि त्यावेळचे रोमन आकडे कोरलेले काळ्या पाषाणाचे मैलदगड अजून काही रस्त्यांच्या कडेला सापडतात. परळ-दादरकडे पायी फिरताना खाली लक्ष ठेवा.

तर जुने क्रमांक. सुरुवातीच्या क्रमांकांत थोडी रचना होती: १ दिल्ली–अमृतसर, २ दिल्ली–कोलकाता, ३ आग्रा–मुंबई, ४ ठाणे–चेन्नई, ६ सुरतजवळच्या हजिराहून नागपूरमार्गे कोलकाता, ७ वाराणसी–कन्याकुमारी, ८ दिल्ली–मुंबई, ९ पुणे–मछलीपट्टणम. पहिल्या नऊ क्रमांकांपैकी सहा महाराष्ट्रातून जात होते, म्हणून आपल्याकडे हे आकडे इतके तोंडात बसले. पुढे मात्र रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाला की पुढचा रिकामा आकडा त्याला, असं होत गेलं. त्यामुळे ४९ केरळ-तमिळनाडूत, ५० नाशिक–पुणे आणि ५१ आसाम-मेघालयात, अशी अवस्था. रत्नागिरी–कोल्हापूर २०४, सोलापूर–धुळे २११, कल्याणहून माळशेजमार्गे नांदेडकडे २२२. यातल्या कुठल्या आकड्यावरून रस्ता कुठल्या कोपऱ्यात आहे हे कुणालाही सांगता आलं नसतं. शिवाय सरळ एका दिशेने जाणाऱ्या रस्त्याचा आकडा मध्येच बदलायचा. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणाऱ्याला सात-आठ क्रमांक बदलावे लागत. आज तो अख्खा रस्ता ४४ आहे, देशातला सगळ्यात लांब. आता राष्ट्रीय महामार्गांची लांबी १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या घरात गेली आहे, एवढ्या पसाऱ्यात जुनी पद्धत चाललीच नसती.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फांद्या. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, पहिला आकडा फांदीचा. रत्नागिरी–कोल्हापूर आता १६६ आहे, म्हणजे कोकणातल्या ६६ ची पहिली फांदी. नागपूर–वर्धा–यवतमाळ–नांदेड–लातूर–तुळजापूर हा ३६१, म्हणजे ६१ ची तिसरी. न्हावा शेवा बंदराचा रस्ता पूर्वी ४बी होता, आता ३४८. बेळगावहून अनमोड, मोले, फोंडा करत पणजीला जाणारा पूर्वीचा ४ए आता ७४८. इथे एक सावधगिरी बाळगा: सम-विषमचा नियम फांदीच्या दिशेला लागू होत नाही. ७४८ सम आहे तो ४८ चं घराणं म्हणून, जातो मात्र पूर्व–पश्चिमच. तीन आकडी क्रमांक दिसला की पहिला आकडा झाका आणि उरलेला वाचा, म्हणजे तो कुठल्या मोठ्या रस्त्याचा आहे ते कळतं.

एका रस्त्याला नऊपेक्षा जास्त फांद्या फुटल्या, किंवा फांदीलाच उपफांदी आली, की इंग्रजी अक्षर जोडतात. तुमचा ९६५जी तसाच. ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी मार्ग हडपसरहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, पंढरपूर करत मोहोळला जातो, त्याचा क्रमांक ९६५. तुकाराम महाराजांचा पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूज करत तोंडले-बोंडलेला येतो, त्याचा ९६५जी. दोन्ही पुणे–सोलापूर या ६५ च्या फांद्या. लोणंदजवळ आषाढीच्या आधी एकदा मी फलकांची पाहणी करत उभा होतो. दिंडी थोडी थांबली होती. सत्तरीच्या पुढचे एक वारकरी फलकाकडे बराच वेळ पाहत होते. मला म्हणाले, "साहेब, हे नऊशे पासष्ट कशाचं? तेवढे किलोमीटर आहेत का?" मी त्यांना सांगितलं, माउली, हा सोलापूर रस्त्याचा धाकटा भाऊ, सोलापूर रोड पासष्ट, म्हणून हा नऊशे पासष्ट. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या हडपसरला सोडलेला रस्ता मोहोळला पुन्हा भेटतो, तोच ना?" बरोबर तोच. तीस वर्षं पायी चाललेल्या माणसाने एका वाक्यात ती रचना सांगितली, जी मला कागदावर समजावायला अर्धा तास लागला असता.

अक्षरांची पद्धत मला स्वतःला पटत नाही. जळगावहून अजिंठा, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे करत ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरणारा रस्ता ७५३एफ आहे. राज्याच्या एका टोकापासून समुद्रापर्यंत जाणारा एवढा मोठा रस्ता, आणि नाव असं की फोनवर सांगताना 'एफ' ऐकू गेला की 'एस', हा प्रश्न. अशा लांब रस्त्यांना स्वतंत्र दोन आकडी क्रमांक द्यायला हवा होता असं माझं मत आहे.

द्रुतगती मार्ग या हिशेबाच्या बाहेर आहेत. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा नागपूर–मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ही राज्याची कामं, त्यांना या जाळ्यातला आकडा नाही. खोपोली-लोणावळ्याकडून जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता आहे तो ४८. केंद्राचे द्रुतगती मार्ग 'एनई' अक्षरांनी ओळखतात, अहमदाबाद–वडोदरा हा एनई १.

आता फलक. महामार्गाचा क्रमांक ढालीच्या आकाराच्या चिन्हात लिहायचा असतो. मोठ्या दिशादर्शक फलकांवर राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाला हिरवी जमीन आणि पांढरी अक्षरं, द्रुतगतीला निळी जमीन. ही ढाल कुठे लावायची हे संहितेत स्पष्ट आहे: महत्त्वाच्या चौकाच्या आधी, चौक ओलांडल्यावर लगेच, आणि वस्तीतून रस्ता जात असेल तर मध्ये मध्ये. यातली दुसरी जागा मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. आम्ही तिला 'खात्रीचा फलक' म्हणायचो. चौकात चार रस्ते फुटतात, मागून ट्रक हॉर्न देतो, घाईत माणूस एक वळण घेतो. पुढच्या दोनशे मीटरमध्ये त्याला '५२' दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. नाही दिसला की तो सात-आठ किलोमीटर शंका घेत जातो आणि मग नको त्या जागी गाडी वळवायला बघतो. असे वळणारे ट्रक आणि त्यावर आदळलेल्या मोटारसायकली मी पंचनाम्यात पाहिल्या आहेत.

नावाऐवजी आकडा का, याचं उत्तर वेगात आहे. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. फलक वाचता येण्याच्या अंतरात आला की हाताशी तीन-चार सेकंद असतात, त्यातही आरशात बघायचं असतं. 'छत्रपती संभाजीनगर' मराठीत आणि इंग्रजीत दोन ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या एका अंशात '५२' नजरेत भरतो. शहरांची नावं बदलली, फलक पुसून नवे लिहावे लागले, पण ५२ तोच राहिला. परराज्यातल्या ड्रायव्हरला तर आकडा हाच आधार. पंजाबातला चालक धाराशिवचं नाव देवनागरीत वाचेल, तमिळनाडूतल्याला ते जमेलच असं नाही, आकडा मात्र दोघांना कळतो.

एका कामात चौपदरीकरण झाल्यावर खात्रीचे फलक बसवले होते, मोजमाप पुस्तकात नोंद होती, फोटो होते. मी दुपारी पाहिलं, सगळं ठीक वाटलं. रात्री पुन्हा गेलो, ही माझी जुनी सवय, फलक रात्री बघितल्याशिवाय बिलावर सही करायची नाही. अकरा फलकांपैकी चार दिसलेच नाहीत. दोन कडुलिंबाच्या फांद्यांमागे, एक ढाब्याच्या जाहिरातीच्या पाठीमागे, आणि एक सर्व्हिस रोडकडे तोंड करून. उजेड परावर्तित करणारा कागद चांगल्या प्रतीचा होता, पण गाडीच्या दिव्याचा झोत त्याच्यावर पडतच नव्हता. दुसऱ्या दिवशी खड्डे पुन्हा खणले, पाइप उखडले, पस्तीस-चाळीस मीटर पुढे काँक्रीटमध्ये नव्याने उभे केले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, नकाशात हीच जागा आहे." नकाशात झाड दाखवलेलं नव्हतं एवढंच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो.

रस्त्याच्या कडेचा दगड. माप मैलाचं जाऊन किलोमीटरचं झालं त्याला साठएक वर्षं होऊन गेली, तरी आपण 'मैलाचा दगड' म्हणतो आणि रस्त्यावर राबणारा आमचा माणूस अजून 'मैलकामगार' आहे. दगडाच्या डोक्याचा रंग आधी बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, आणि पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला गावरस्ता असेल तर नारिंगी. कोकणात पावसाळा संपला की आमचा पेंटर मैलकामगाराला बरोबर घेऊन निघायचा. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि तांबडी माती खरवडायची, मग पांढरा हात, मग पिवळं डोकं, आणि सगळ्यात शेवटी काळ्या रंगाने अक्षरं. दिवसाला आठ-दहा दगड होत. उन्हं कलताना त्या ओल्या पिवळ्या डोक्यांची रांग वळणावळणाने दिसायची, मला ते दृश्य फार आवडायचं.

येणाऱ्या गाड्यांकडे ज्या बाजू असतात त्यावर पुढच्या गावाचं नाव आणि तिथवरचं अंतर असतं. बहुतेक लोक तेवढंच वाचतात. रस्त्याकडे तोंड केलेल्या बाजूवर नुसता एक आकडा असतो, तो त्या रस्त्याचा स्वतःचा किलोमीटर. फोनवर विचारतात तो हा. 'कराड १४' आणि किलोमीटर यांत गल्लत करू नका. दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले ठेंगणे दगड असतात, ते २००, ४००, ६०० आणि ८०० मीटरचे. आमच्या कागदांत याला साखळी क्रमांक म्हणतात आणि ४२ किलोमीटर ६०० मीटर हे ४२/६०० असं लिहितात. अपघाताच्या पोलीस नोंदीत, खड्डा बुजवण्याच्या आदेशात, पुलाच्या कठड्यावर, सगळीकडे हीच भाषा. चौपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंना दगड असायला हवेत, नवीन रस्त्यांवर त्याऐवजी दुभाजकात किंवा कडेला हिरव्या छोट्या पाट्या असतात.

दगड चुकीचे असले तर काय होतं तेही सांगतो. एका घाटाच्या पायथ्याला वळणं काढून रस्ता सरळ केला होता. लांबी कमी झाली, नवे दगड बसले, पण जुने उपटायचे राहिले. रात्री बस कठड्याला घासून थांबली, काही प्रवाशांना मार लागला. एका प्रवाशाने शहाणपणाने उतरून दगड बघितला आणि किलोमीटर सांगितला. तो जुना दगड होता. रुग्णवाहिका नव्या दगडांच्या हिशेबाने गेली, सहा किलोमीटर पुढे. तिला परत फिरायला दुभाजकात फट मिळेना. पाऊण तास गेला. सुदैवाने सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी मी चार मैलकामगार आणि एक ट्रॅक्टर घेतला आणि पंधरा दिवसांत त्या पट्ट्यातला एकूण एक जुना दगड काढून उपविभागाच्या आवारात आणून टाकला. कुणाची परवानगी मागितली नाही, नंतर लेखी खुलासा द्यावा लागला, तो दिला. म्हणून तुम्हाला सांगतो, दगडाचा आकडा सांगताना त्याच्या डोक्यावरचा महामार्ग क्रमांकही वाचा. त्यावर ४ असेल तर 'जुना दगड आहे' असं स्पष्ट म्हणा.

गाडी बंद पडली, की पहिल्यांदा ती डावीकडे कडेला घ्या, दिवे लुकलुकते ठेवा, माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा. मग मोबाईलच्या उजेडात जवळचा दगड किंवा पाटी शोधा, दोनशे मीटरच्या आत काही ना काही सापडायला हवं. ते नसेल तर पूल किंवा मोरी शोधा, तिच्या कठड्यावर बहुतेक वेळा तोच किलोमीटर रंगवलेला असतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा, कुणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. फोनवर चार गोष्टी याच क्रमाने सांगा: महामार्ग क्रमांक, किलोमीटर आणि मीटर, तुम्ही कुठल्या बाजूला आहात, आणि मागचं मोठं गाव. बाजू सांगायला लोक हमखास विसरतात, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर तीच चुकली की मदत समोर दिसत असूनही तुमच्यापर्यंत पोचायला पुढचं वळण शोधत बसते.

वडिलांना एनएच ४ म्हणू दे. ढाब्यावरचा माणूस, गॅरेजवाला, टायरवाला, सगळे अजून तेच म्हणतात आणि रस्ता विचारायला तोच आकडा जास्त कामाचा आहे. फोनवर मात्र असं: "एनएच ४८, किलोमीटर अमुक, सहाशे मीटर, कोल्हापूरकडे जाणारी बाजू, उंब्रज मागे पडलं."